कोडीचं पायथन ॲडऑन: कोणती हत्यारं लागतात आणि कोणत्या क्रमानं हाती घ्यायची

पायथन चांगलं येणारा माणूसही कोडी या फुकट मीडिया प्लेयरचं ॲडऑन, म्हणजे त्याला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला बसला की पहिल्याच तासात अडखळतो. फाइलीच्या वरच्या ओळीत ‘इम्पोर्ट एक्सबीएमसी’ (एक्सबीएमसी हे कोडीचं जुनं नाव) लिहून ती टर्मिनलमधून चालवली, की ‘असं मॉड्यूलच नाही’ म्हणून पायथन हात वर करतो. हे मॉड्यूल कोडीच्या पोटात आहे. कोडी स्वतःच्या आत पायथन सुरू करतो तेव्हाच ते उपलब्ध होतं. मग नवखे लोक एक ओळ बदलायची, झिप करायची, टीव्हीजवळच्या बॉक्सवर बसवायची आणि रिमोटनं मेनू ओलांडत जाऊन बघायचं, अशा फेऱ्या मारत राहतात. दोन संध्याकाळी यात गेल्या की उत्साह मावळतो आणि एक चांगली कल्पना अर्धवट पडून राहते.

माझं ठाम मत असं, की ॲडऑनचं निम्म्याहून जास्त काम कोडी न उघडता झालं पाहिजे, आणि उरलेलं काम कोडीत करतानाही शेवटच्या दिवसापर्यंत झिपला हात लावायची वेळ येऊ नये. त्यासाठी लागणारी सगळी हत्यारं फुकट आहेत. ती कोणत्या टप्प्यावर घ्यायची एवढंच नीट कळायला हवं.

नावांबद्दल एक सूचना. इथे फाइलींची, मॉड्यूलांची आणि फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची. ॲडऑनचा आयडी आणि फोल्डरचं नाव छोट्याच अक्षरांत ठेवायचं; लिनक्स आणि अँड्रॉइडवर छोट्या-मोठ्या अक्षराचा फरक पडला तरी फाइल सापडत नाही.

आधी आवृत्ती ठरवा

कोडीच्या आवृत्त्यांना क्रमांकाबरोबर इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं नावंही असतात. १९ म्हणजे मॅट्रिक्स, फेब्रुवारी २०२१ मधली. तिच्यात पायथन २ कायमचं गेलं आणि पायथन ३ आलं. २० म्हणजे नेक्सस, जानेवारी २०२३. २१ म्हणजे ओमेगा, एप्रिल २०२४. आज नवं काही लिहायचं असेल तर नेक्सस आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठीच लिहा. व्हिडिओची माहिती भरायची पद्धत नेक्ससमध्ये बदलली. आधी ‘सेटइन्फो’ला एक डिक्शनरी द्यायची, आता ‘गेटव्हिडिओइन्फोटॅग’ घेऊन त्यावर ‘सेटटायटल’, ‘सेटप्लॉट’, ‘सेटयीअर’ अशी वेगवेगळी फंक्शनं बोलवायची. जुनी पद्धत अजून चालते, पण लॉगमध्ये इशाऱ्यांचा ढीग पडतो आणि त्यात खरी चूक दिसत नाही.

इंटरनेटवरचे बरेच धडे मॅट्रिक्सच्या आधीचे आहेत. ‘युआरएललिब२’, ‘लॉगनोटीस’ किंवा ‘एक्सबीएमसी.ट्रान्सलेटपाथ’ यांपैकी काहीही दिसलं की तो धडा बाजूला ठेवा. लॉगची ती पातळी मॅट्रिक्समध्येच काढून टाकली, आणि ‘ट्रान्सलेटपाथ’ आता ‘एक्सबीएमसीव्हीएफएस’ मॉड्यूलमध्ये राहतं.

पायथनच्या आवृत्तीचंही तसंच. लिनक्सवर कोडी सहसा डिस्ट्रोचं पायथन वापरतो, विंडोजवर आणि अँड्रॉइडवर स्वतःबरोबर आणतो, आणि तिथे ते जुनं असू शकतं. विंडोजवरच्या मॅट्रिक्समध्ये ३.८ होतं. ‘मॅच-केस’सारख्या नव्या सोयी टाळल्या तर पुढे त्रास होत नाही. शिवाय सी मध्ये कंपाइल केलेली पायथन पॅकेजेस सगळीकडे चालतील असं धरून चालू नका. पांडाज किंवा एलएक्सएमएल वापरायचा मोह झाला तरी तो आवरा.

टेबलावरची तयारी

प्रकल्पासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि त्यात पहिलं पॅकेज बसवा ते ‘कोडीस्टब्ज’. पिपनं मिळतं. कोडीच्या आतल्या सगळ्या मॉड्यूलांचे हे पोकळ सांगाडे आहेत: एक्सबीएमसी, एक्सबीएमसीजीयूआय, एक्सबीएमसीप्लगइन, एक्सबीएमसीॲडऑन, एक्सबीएमसीव्हीएफएस आणि एक्सबीएमसीडीआरएम. फंक्शनांची नावं, त्यांना काय द्यायचं, ती काय परत देतात आणि दस्तऐवजातला मजकूर, सगळं त्यात आहे. काम मात्र ती काहीच करत नाहीत. याचा फायदा असा, की पायचार्म असो वा व्हीएस कोड, एडिटर लाल रेघा मारायचा थांबतो आणि टाइप करता करता पर्याय सुचवायला लागतो. स्टब्जची आवृत्ती कोडीच्या आवृत्तीशी जुळते, म्हणून ओमेगासाठी २१ चीच घ्या. एवढ्या एका पॅकेजमुळे संदर्भपानं उघडायचं काम खूप कमी होतं.

त्यातच चाचण्यांसाठी ‘पायटेस्ट’ आणि इंटरनेटवरून माहिती मागवायला ‘रिक्वेस्ट्स’ बसवून ठेवा. पुढे लागणार आहेत.

सांगाडा

उदाहरण खऱ्याखुऱ्या गोष्टीचं घेऊ. इंटरनेट आर्काइव्हवर प्रेलिंगर संग्रह आहे. अमेरिकेतल्या जुन्या शैक्षणिक, औद्योगिक आणि जाहिरातींच्या फिल्म्स, मोठ्या प्रमाणात मुक्त वापराच्या. आपलं ॲडऑन त्यांची यादी दाखवेल आणि निवडलेली फिल्म चालवेल. आयडी ठेवू ‘प्लगइन.व्हिडिओ.जुनीरिळं’. व्हिडिओची यादी देणाऱ्याचं नाव ‘प्लगइन.व्हिडिओ’नं सुरू होतं, साध्या प्रोग्रॅमचं ‘स्क्रिप्ट’नं, मागे सतत चालणाऱ्याचं ‘सर्व्हिस’नं आणि इतरांनी वापरायच्या लायब्ररीचं ‘स्क्रिप्ट.मॉड्यूल’नं.

फोल्डरच्या मुळाशी ‘ॲडऑन.एक्सएमएल’ लागते. तिच्यात आयडी, आवृत्ती, नाव, लेखक. मग कशाकशावर अवलंबून आहोत त्याची यादी. मग कोणत्या प्रकारचं ॲडऑन आहे आणि कोणती फाइल चालवायची ते. आणि शेवटी वर्णन, परवाना, चित्रं. नेक्सस आणि ओमेगासाठी ‘एक्सबीएमसी.पायथन’ची आवृत्ती ३.०.१ लिहा. ३.०.० लिहिलं तर मॅट्रिक्सवरही बसेल, पण मग नव्या माहिती-टॅगांचा कोड तिथे पडेल. ‘रिक्वेस्ट्स’ हवं असेल तर इथे ‘स्क्रिप्ट.मॉड्यूल.रिक्वेस्ट्स’ मागायचं, पिपनं बसवलेलं ‘रिक्वेस्ट्स’ कोडीला सापडेल असं मानू नका. आयकॉन चौरस पीएनजी, २५६ किंवा ५१२ पिक्सेलचा.

सुरुवातीची फाइल ‘मेन.पीवाय’. हिच्यात जवळजवळ काहीच लिहू नका. तिथून दुसऱ्या मॉड्यूलमधलं एक फंक्शन बोलवायचं आणि थांबायचं. कारण पक्कं आहे: इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलाचं बाइटकोड पायथन साठवून ठेवतं, सुरुवातीच्या फाइलीचं ठेवत नाही. प्लगइनमध्ये प्रत्येक क्लिकला ती फाइल नव्यानं चालते. स्वस्त अँड्रॉइड बॉक्सवर हा फरक डोळ्यांना दिसतो.

खरा कोड ‘रिसोर्सेस’च्या आतल्या ‘लिब’ फोल्डरमध्ये, दोन भागांत. एक भाग आर्काइव्हशी बोलणारा, ज्यात एक्सबीएमसीचं नावही येत नाही. दुसरा पातळ थर कोडीशी बोलणारा. या लेखातलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी ही फाळणी लक्षात ठेवा.

कोडी न उघडता होणारं काम

आर्काइव्हची शोधसेवा जेसनमध्ये उत्तर देते: संग्रहाचं नाव, हवी ती फील्ड्स, पानाचा क्रमांक दिला की आयडेंटिफायर आणि शीर्षकं येतात. एका फिल्मचा तपशील ‘मेटाडेटा’ पत्त्यावर मिळतो आणि त्यात फाइलींची यादी असते. प्रत्येक फाइलीला नाव आणि फॉरमॅट. आपल्याला त्यातली एच.२६४ किंवा एमपीईजी४ वाली निवडायची.

इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. आर्काइव्हवर ‘डिस्क्रिप्शन’ हे फील्ड कधी साधी स्ट्रिंग असतं, कधी स्ट्रिंगांची यादी, तर कधी नसतंच. फाइलीचा आकार आकड्याऐवजी स्ट्रिंगमध्ये येतो. कोडीत बसून हे शोधायला गेलात तर एकविसाव्या नोंदीवर यादी कोसळते आणि पडद्यावर फक्त ‘एरर, लॉग पाहा’ एवढंच येतं. त्यापेक्षा चार-पाच वेगवेगळ्या फिल्मांची जेसन उत्तरं उतरवून ‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये ठेवा आणि पायटेस्टनं तपासा: वर्णन यादी असेल तर जोडलं जातंय का, नसेल तर रिकामी स्ट्रिंग येतेय का, योग्य फाइल निवडली जातेय का. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, विमानात बसूनही होतं.

कोडीशी बोलणाऱ्या थराचीही थोडी चाचणी घेता येते. स्टब्जमुळे इम्पोर्ट तर होतोच, ‘युनिटटेस्ट.मॉक’नं ‘ॲडडिरेक्टरीआयटम’ बदलून ते किती वेळा आणि कोणत्या पत्त्यांनी बोलवलं ते मोजा. त्यापलीकडे मॉकच्या मागे फार धावू नका. खोट्या कोडीची फार बारीक नक्कल करत बसण्यापेक्षा खरा कोडी उघडलेला बरा.

पातळ थर

प्लगइन म्हणजे कोडीच्या दृष्टीनं एक पत्ता. प्रत्येक फोल्डर उघडताना कोडी आपली फाइल चालवतो आणि ‘सिस.आर्गव्ही’मध्ये मुख्यतः तीन गोष्टी देतो: प्लगइनचा मूळ पत्ता, एक आकडा म्हणजे हँडल, आणि प्रश्नचिन्हासकट क्वेरी. ‘युआरएललिब.पार्स’मधल्या ‘पार्सक्यूएसएल’नं ती फोडायची आणि ‘ॲक्शन’ काय आहे त्यावरून योग्य फंक्शन बोलवायचं. पत्ते तयार करताना हातानं जोडू नका, ‘युआरएलएन्कोड’च वापरा, शोधात कुणी मराठी शब्द टाकला तरी तो सुखरूप पोचतो.

यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी एक ‘लिस्टआयटम’ करायचा, ‘ऑफस्क्रीन’ हे ‘ट्रू’ देऊन, म्हणजे तो बनवताना पडद्याचं कुलूप लागत नाही. सगळ्या नोंदी एका यादीत गोळा करून ‘ॲडडिरेक्टरीआयटम्स’ एकदाच बोलवा आणि शेवटी ‘एंडऑफडिरेक्टरी’. ते विसरलात तर फोल्डर नीट उघडत नाही. चालवायच्या नोंदीला ‘इझप्लेएबल’ हा गुणधर्म ‘ट्रू’ अशा स्ट्रिंगनं द्यावा लागतो, ‘इझफोल्डर’ ‘फॉल्स’ ठेवावं लागतं, आणि प्रत्यक्ष व्हिडिओचा पत्ता ‘सेटरिझॉल्व्हडयूआरएल’नं द्यायचा. पन्नास फिल्मांचे व्हिडिओ-पत्ते यादी दाखवतानाच काढू नका. जी निवडली तिचाच, निवडल्यावर काढा.

राउटिंगसाठी, म्हणजे पत्त्यावरून योग्य फंक्शन गाठायला, ‘स्क्रिप्ट.मॉड्यूल.राउटिंग’ आहे, आणि त्याहून बरंच काही करून देणारं ‘कोडक्विक’ही आहे. पाचच ॲक्शन असलेल्या ॲडऑनला मी दोन्ही वापरणार नाही. पहिलं ॲडऑन हातानंच लिहा, म्हणजे हँडल आणि पत्ता यांचा संबंध डोक्यात पक्का बसतो.

चाचणीचा कोडी वेगळा ठेवा

घरच्यांचा टीव्ही ज्या कोडीवर चालतो त्यावर प्रयोग करू नका. विंडोजवर कोडी ‘-पी’ देऊन सुरू केला की तो पोर्टेबल होतो आणि सगळा डेटा आपल्याच फोल्डरमध्ये, ‘पोर्टेबल_डेटा’त ठेवतो. लिनक्सवर ‘होम’ हा व्हेरिएबल दुसऱ्या फोल्डरकडे वळवून कोडी सुरू केला की तेच साधतं.

आता झिपला पर्याय. चाचणीच्या कोडीत ‘ॲडऑन्स’ नावाचं फोल्डर असतं. आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरची सिमलिंक, म्हणजे मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण, तिथे करा. लिनक्सवर आणि मॅकवर ‘एलएन -एस’, विंडोजवर ‘एमकेलिंक’. लिंकचं नाव आयडीशी तंतोतंत जुळलं पाहिजे. कोडी पुन्हा सुरू केला की ॲडऑन दिसतं, पण बंद अवस्थेत: हातानं टाकलेलं ॲडऑन क्रिप्टनपासून, म्हणजे आवृत्ती १७ पासून, आपोआप चालू होत नाही. ‘माय ॲडऑन्स’मध्ये जाऊन एकदा चालू करा. याला लागणारी इतर ॲडऑन्स, जसं ‘रिक्वेस्ट्स’, अधिकृत रेपॉझिटरीतून आधी बसवलेली असावीत, नाहीतर चालू करताना कोडी कुरकुर करेल.

यापुढे एडिटरमध्ये फाइल सेव्ह करायची आणि कोडीत मागे जाऊन फोल्डर पुन्हा उघडायचं, बस. प्रत्येक क्लिकला पायथन नव्यानं सुरू होत असल्यामुळे बदल लगेच दिसतो. ‘ॲडऑन.एक्सएमएल’ किंवा भाषेच्या फाइली बदलल्या तर मात्र कोडी बंद करून चालू करणं हाच खात्रीचा मार्ग. ‘रीयूजलँग्वेजइन्व्होकर’ ही वेगासाठीची सोय आहे, पण ती चालू असताना जुनाच इंटरप्रिटर पुन्हा वापरला जातो आणि जुना कोड स्मृतीत राहतो. विकासाच्या काळात ती बंदच ठेवा.

लिब्रेइलेक (कोडी चालवण्यापुरतं छोटं लिनक्स) असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर काम असेल तर एसएसएच चालू करून ‘आरसिंक’नं प्रकल्प ‘/स्टोरेज/.कोडी/ॲडऑन्स’मध्ये ढकला.

लॉग

लॉग वाचता आला नाही तर बाकीची हत्यारं व्यर्थ. फाइलीचं नाव ‘कोडी.लॉग’. लिनक्सवर ती होम फोल्डरातल्या ‘.कोडी/टेम्प’मध्ये, विंडोजवर ‘ॲपडेटा’खालच्या कोडीच्या फोल्डरमध्ये, मॅकवर ‘लायब्ररी/लॉग्ज’मध्ये सापडते. मागच्या वेळचा लॉग ‘कोडी.ओल्ड.लॉग’ नावानं जपलेला असतो. कोडी कोसळला असेल तर तोच उघडायचा. दुसऱ्या खिडकीत ‘टेल -एफ’ लावून ठेवा आणि ग्रेपनं आपल्या ॲडऑनचा आयडी गाळा.

‘एक्सबीएमसी.लॉग’ला पातळी दिली नाही तर मॅट्रिक्सपासून ती डीबग धरली जाते, आणि डीबग लॉगिंग बंद असेल तर ओळ उमटतच नाही. ‘माझा लॉग का येत नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. स्वतःचं छोटं फंक्शन करा, जे आयडी पुढे जोडतं आणि ‘लॉगइन्फो’ पातळी देतं.

पायथनमध्ये चूक झाली की लॉगमध्ये ‘पायथनटूसीपीपीएक्सेप्शन’ अशी ओळ येते आणि तिच्याखाली नेहमीचा ट्रेसबॅक. तो खालून वर वाचा. ‘इनव्हॅलिड हँडल -१’ दिसलं तर समजा, की ॲडऑन यादी मागितलेली नसताना यादी देऊ पाहतंय. ‘रनप्लगइन’नं बोलवलं की हँडल -१ च असतं. ‘काही क्लास स्मृतीत राहिले’ अशा अर्थाची ओळ दिसली तर मॉड्यूलच्या पातळीवर ठेवलेला ‘ॲडऑन’ किंवा ‘मॉनिटर’ ऑब्जेक्ट तपासा.

ॲडऑन वापरणाऱ्यांना लॉग पाठवायला सांगायचं असेल तर अधिकृत रेपॉझिटरीतलं ‘कोडी लॉगफाइल अपलोडर’ सांगा.

वेब-पीडीबी

कोड थांबवून आत डोकवायचं असेल तेव्हा पीडीबी हा पायथनचा साधा डीबगर चालत नाही, कारण कोडीला टर्मिनलच नसतो. ‘स्क्रिप्ट.मॉड्यूल.वेब-पीडीबी’ यावरचा नेमका उपाय. ते रेपॉझिटरीतून बसवा, ‘ॲडऑन.एक्सएमएल’मध्ये तात्पुरतं मागा, आणि जिथे थांबायचं तिथे ‘वेब_पीडीबी.सेट_ट्रेस’ लिहा. कोड तिथे आला की थांबतो आणि ब्राउझरमध्ये ५५५५ या पोर्टवर पूर्ण डीबगर उघडतो: सोर्स, लोकल व्हेरिएबल्स, पीडीबीच्या नेहमीच्या आज्ञा. टीव्हीच्या बॉक्सवर चालणारं ॲडऑनही लॅपटॉपवरून, बॉक्सचा आयपी पत्ता टाकून, असं थांबवता येतं. काम झाल्यावर त्या दोन्ही ओळी काढा. त्या राहिल्या तर वापरणाऱ्याचा कोडी गोठलेला दिसेल.

दुरून चालवणं

सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेसखाली ‘कंट्रोल’मध्ये एचटीटीपीवरून नियंत्रणाची परवानगी द्या. वापरकर्ता आणि पासवर्ड ठेवावा लागतो. मग ८०८० पोर्टवर जेसन-आरपीसी, म्हणजे बाहेरून कोडीला आज्ञा द्यायची सोय, मिळते. कर्लनं ‘ॲडऑन्स.सेटॲडऑनएनेबल्ड’ पाठवून ॲडऑन बंद-चालू करता येतं, ‘जीयूआय.ॲक्टिव्हेटविंडो’नं थेट आपल्या प्लगइनच्या हव्या त्या पत्त्यावर जाता येतं. लिनक्सवर ‘कोडी-सेंड’ हे छोटं साधन ९७७७ पोर्टवरून कोडीच्या अंगभूत आज्ञा पाठवतं, ‘कंटेनर.रिफ्रेश’ एडिटरच्या सेव्हला बांधून टाका, म्हणजे रिमोटला हात न लावता यादी ताजी होते.

सर्व्हिस लिहीत असाल तर ‘टाइम.स्लीप’ वापरू नका. ‘मॉनिटर’च्या ‘वेटफॉरअबॉर्ट’नं थांबा. कोडी बंद होताना स्क्रिप्टला पाच सेकंद देतो आणि मग जबरदस्तीनं मारतो.

देवनागरी

मेनूतला मजकूर कोडात लिहू नका. ‘रिसोर्सेस/लँग्वेज’मध्ये ‘रिसोर्स.लँग्वेज.ईएन_जीबी’ असतं आणि त्यात भाषांतराची ‘स्ट्रिंग्ज.पीओ’ फाइल, मराठीसाठी शेजारी ‘रिसोर्स.लँग्वेज.एमआर_आयएन’ करा. प्लगइनच्या वाक्यांना ३०००० पासून ३०९९९ पर्यंतचे क्रमांक असतात आणि ‘गेटलोकलाइझ्डस्ट्रिंग’ला तो क्रमांक द्यायचा. पीओ फाइलीसाठी ‘पोएडिट’ पुरेसं आहे. पडद्यावर अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर कोडात शोधत बसू नका: इंटरफेसच्या सेटिंगमध्ये स्किनचा फाँट ‘एरियल बेस्ड’ करा. ही ओळ ॲडऑनच्या वर्णनातही लिहा, मराठी वापरणाऱ्याला ती हमखास लागते.

तपासणी आणि प्रकाशन

पिपनं ‘कोडी-ॲडऑन-चेकर’ बसवा आणि ‘--ब्रँच’ला ‘ओमेगा’ देऊन प्रकल्पाच्या फोल्डरवर चालवा. अधिकृत रेपॉझिटरीत येणारी ॲडऑन्स याच साधनानं तपासली जातात. फोल्डरचं नाव आयडीशी जुळतं का, एक्सएमएल नीट आहे का, चित्रांचे आकार, नको असलेल्या फाइली, सगळं ते बघतं. सुरुवातीच्या फाइलीत पंधरापेक्षा जास्त ओळी दिसल्या तरी ते हटकतं, वरची मेन.पीवायची सूचना तिथेही उपयोगी पडते. गिटहबवर कोड असेल तर प्रत्येक पुशला हे आपोआप चालेल असं करा.

झिप आता, आणि तीही हातानं नाही. ‘गिट आर्काइव्ह’ला ‘--प्रीफिक्स’मध्ये आयडी आणि तिरकी रेघ द्या, म्हणजे सगळ्यात वरचं फोल्डर बरोबर नावाचं बनतं आणि ‘.गिट’, ‘पायकॅश’ असा कचरा आत शिरत नाही. टेस्ट्स वगळायला ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘एक्सपोर्ट-इग्नोर’ लिहा. ही झिप कोऱ्या प्रोफाइलवर, ‘अननोन सोर्सेस’ चालू करून, एकदा बसवून बघाच. सिमलिंकवर लपलेल्या राहिलेल्या अवलंबनाच्या चुका इथेच उघड्या पडतात.

अधिकृत रेपॉझिटरीत द्यायचं असेल तर गिटहबवर ‘रेपो-प्लगइन्स’ किंवा ‘रेपो-स्क्रिप्ट्स’मध्ये पुल रिक्वेस्ट करायची, ज्या कोडीसाठी आहे त्या ब्रँचवर, एका ॲडऑनचा एक कमिट. परवाना मुक्त सोर्सचा हवा, चोरीचा मजकूर दाखवणारं काही चालत नाही, आणि ॲडऑननं स्वतःच स्वतःला अपडेट करायचं नाही. परीक्षक स्वयंसेवक असतात, वेळ लागतो. त्यांनी बदल सुचवले तर तोच कमिट दुरुस्त करून पुन्हा ढकला, नवी रिक्वेस्ट उघडू नका.